रुपीबाईचा कौल

“सांगतो, पण तुले खरं वाटणार नाही,” पूनमसिंग म्हणाला.

“मंग कायले सांगता?” विक्की म्हणाला. काचेच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून तो तळाची वाळू ढवळत होता. त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

यवतमाळला दत्त चौकाच्या मागच्या गल्लीत विक्कीचं रंगीत माशांचं दुकान. बोगद्यासारखं अरुंद, दोन्ही भिंतींना पेट्यांवर पेट्या, आणि हवेच्या पंपांची अशी घुरघुर की माणसानं आपोआप आवाज चढवावा. पूनमसिंगला तेवढं निमित्त पुरे होतं.

“नेरच्या पुढं आमचा तांडा. घरी अशीच पेटी हाय, पोरानं दिवाळीले पुण्याहून आणली. तिच्यात दोन मासे. हे एवढे.” त्यानं बोटांपासून कोपरापर्यंत हात मोजून दाखवला. “परवा मांजर पाणी प्याले वाकली, त एकानं तिची मिशी धरून ओढली. तवापासून ते घरात येत नाही. दारातूनच म्याव करते, अन् तेबी हळू.”

माशांचं खाणं घ्यायला आलेला एक हेल्मेटवाला खुदकन हसला. तिथंच घात झाला. समोर हसणारा माणूस दिसला की पूनमसिंगची जीभ उतारावर सुटलेल्या बंडीसारखी व्हायची. मग बैल आणि बंडी हाकणारा धुरकरी, दोघांनीही फक्त बघत राहायचं.

“जात कोणती?” विक्कीनं विचारलं.

“जात कायले विचारतं बाबू? पट्टीचे पोहणारे हाय, एवढं पुरे.”

विक्की हात पुसत वळला. “काका, मी धंद्याचं विचारून राह्यलो. नवा मासा आधीच्यायसंगं पटला पाहिजे न. आधी कोण राहते, केवढं हाय, पाणी थंडं का कोमट, हे समजल्याबिगर मी पिशवी बांधत नाही. हे एंजल पाहा, पंख कसे लांब. यायच्यात हे पट्ट्यावाले टाकले, त दोन दिवसात पंख कुरतडून ठेवते. हा फायटर, याले दुसरा फायटर दिसला की संपलं. अन् एक कायदा सगळ्यायले लागू हाय. तोंडात मावते ते जेवण.”

शेवटचं वाक्य पूनमसिंगच्या पोटात गेलं. घरच्या पेटीत होत्या त्या दोन गोल्डफिश, लाल, अंगठ्याएवढ्या. कोणत्याही बऱ्यापैकी तोंडात मावतील अशा. आता खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलंही होतं. कारण या वेळची गोष्ट गमतीची नव्हती. घरी त्याची बायको रुपीबाई चार उशा रचून त्यांना टेकून बसली होती, आणि या दुकानातून बांधून निघणाऱ्या पिशवीवर ती जगणार की नाही ते ठरणार होतं.

पण तेवढ्यात हेल्मेटवाला म्हणाला, “काका, पेटीत वाघ नाही पाळला का?”

“पाळलता,” पूनमसिंगची जीभ म्हणाली. “मासे त्याले जेवू देत नव्हते. सोडून द्या लागला.”

दुकान हसलं. विक्कीही हसला, आणि खालच्या पेटीत जाळी घालत म्हणाला, “हातभर मासे म्हणता, त गरीब जीव तिथं टिकणार नाही. दांडगाच लागन. काळा पाहिजे म्हटलं न तुमी? हा घ्या. ऑस्कर.”

तळहाताएवढा मासा. कोळशासारखा काळा आणि अंगावर विझत्या निखाऱ्यांसारखे नारिंगी डाग. मासे माणसाकडे पाहत नाहीत असा पूनमसिंगचा समज होता. हा पाहत होता.

“हा खाते काय?”

“काय नाही खात ते विचारा,” विक्की म्हणाला आणि पिशवीत हवा भरून त्यानं रबर लावलं.

पूनमसिंग राठोड हा ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवरचा माणूस. सकाळी टाकी भरायची, बादलीत ब्लिचिंग पावडर कालवून टाकायची, आणि मग व्हॉल्व्ह फिरवून आधी गावाला, नंतर तांड्याला पाणी सोडायचं. एवढंच काम, पण जन्मभर केलं. पाणी नळापर्यंत पोहोचायला वेळ लागे, आणि हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायाबापड्यांना तोवर गोष्ट लागे. विहिरीतल्या मगरीनं त्याच्याकडे तंबाखू कशी मागितली, वादळात उडालेली टाकी त्यानं शेपटासारखी लोंबणारी दोरी धरून परत कशी ओढून आणली, असलं काहीबाही. पाणी आलं की गोष्ट संपली. त्याचं बोलणं उभ्या आयुष्यात कुणी खरं मानलं नव्हतं, आणि मानावं अशी त्याची इच्छाही नव्हती. रुपीबाई तर लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकत होती. ती ऐकायची, भाकर थापायची आणि शेवटी ‘झालं?’ एवढंच विचारायची.

तिला धाप लागायला लागली ती मागच्या उन्हाळ्यात. आधी विहिरीपर्यंत, मग अंगणापर्यंत, मग नुसती कूस बदलली तरी. मुलगी शीला कळंबला दिलेली. तीच आईला घेऊन नागपूरला गेली. तिथल्या डॉक्टरांनी काळजाचं चित्र काढून दाखवलं. आतली एक झडप कडक झाली होती, तिच्या जागी दुसरी बसवायची. जनावराच्या कातड्यापासून केलेली असते, टिकते चांगली. कोणतं जनावर ते रुपीबाईनं विचारलं नाही आणि डॉक्टरांनी सांगितलं नाही. दोघंही शहाणे. पुढच्या आठवड्यात शुक्रवारचं ऑपरेशन ठरलं, कागद झाले. आणि घरी आल्यावर रुपीबाई म्हणाली, “मी नाही जात.”

“माझ्या व्हॉल्व्हसारखंच हाय ते, रुपी,” पूनमसिंगनं समजावलं. “जुना घासला, नवा टाकते. पाणी सुरू.”

“तुमचा व्हॉल्व्ह बारा महिने गळते.”

“ते पॅकिंगनं गळते.”

“मंग मले पॅकिंगच घाला अन् सोडा.”

शीला आईला ‘याडी, याडी’ करत रडली. मुलगा बबलू पुण्याहून फोनवर ओरडला. तांड्याचे प्रमुख, नायक, येऊन चहा पिऊन गेले. रुपीबाई भिंतीकडे बघत बसली. मरणाला ती भीत नव्हती. तिची अडचण वेगळीच होती, आणि ती तिनं कालच, शुक्रवारी संध्याकाळी, माशांना दाणे टाकता टाकता सांगितली.

“परक्या जिवाची वस्तू आत ठेवते म्हनते. आतलं अन् परकं पटलं नाही त? आतलं मारून टाकन ते. मंग मी कोणाची राहीन?”

 यावर उत्तरही तिनंच काढलं. पेटीतल्या दोघींकडे बोट केलं. थोरली आणि धाकटी अशी तिनं नावं ठेवली होती. थोरली सगळी लाल, धाकटीच्या शेपटीला पांढरं टोक.

“ह्या माझ्या दोघी. यायच्या पाण्यात एक परका आणून सोडा. काळा, म्हणजे परका दिसन. गुरुवारी गाडी येऊन राह्यली न? तवापर्यंत तिघं राजीखुशीनं राह्यले, त मी मुकाट्यानं गाडीत बसतो. एक जरी मेला त माझ्यापुढं नागपूरचं नाव काढायचं नाही.”

“अन् तिघं राह्यले त नखरे नाही?”

“जगदंबेची आन.”

तिनं पेटीच्या काचेला हळदीकुंकवाची बोटं लावली, पुढं दिवा ठेवला आणि असा कौल लावला. पूनमसिंगला तर हसूच आलं होतं. मासेच ते. पाण्यात राहणाऱ्यांचं एकमेकांशी काय वाकडं असणार? डॉक्टर, नायक आणि बबलू जिथं हरले तिथं एक मासा काम करणार असेल, तर तो दहा आणून देईल.

आता एस.टी.त मांडीवर पिशवी घेऊन बसल्यावर त्याला हसू येत नव्हतं. पिशवीतला काळा सरळ त्याच्याकडे बघत तोंड उघडत होता, मिटत होता. शेजारच्या कापूस वेचणाऱ्या बाईनं विचारलं, “भाजीले नेऊन राह्यले का, बावाजी?” पूनमसिंगनं नुसता पिशवीवर हात झाकला. एरवी त्यानं तिला अख्खी गोष्ट सांगितली असती.

बबलूनं शिकवल्याप्रमाणे रुपीबाईनं पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडली. काळा मासा घाईनं बाहेर आला नाही. सावकाश आला, पेटीचे चारी कोपरे हिंडला आणि मधोमध थांबला. थोरली आणि धाकटी पाणी गाळायच्या स्पंजामागं गेल्या.

“मोठा हाय,” रुपीबाई म्हणाली.

“परका हाय. परका मोठाच दिसते.”

ती खाटेवर जाऊन टेकली. तिची खाट पेटीसमोरच होती. आता डोळा उघडा असेतोवर ती पेटीकडं बघणार, आणि तिच्या छातीतून येणारी ती बारीक शिट्टी पूनमसिंगला ऐकू येत राहणार.

त्यानं मनाशी हिशेब मांडला. पोट भरलेला जीव मारत नाही. म्हणजे काळ्याचं पोट भरलेलं ठेवायचं, गुरुवारपर्यंत. रविवारी त्यानं गळक्या व्हॉल्व्हखालची ओली माती उकरून गांडुळं आणली. गेली कित्येक वर्षं ती गळती काढ म्हणून सरपंच मागं लागला होता. बरं झालं काढली नाही. दुपारी शेजारून मटणाचे तुकडे आणले. काळा त्याच्या बोटांतून ओढून घेई. गांडूळ गेलं, मटण गेलं, आणि तरी तो वर तोंड करून उभा. मालकानं आणखी आणावं अशा रुबाबात.

“त्यालेच कायले चारून राह्यले?” रुपीबाई म्हणाली. “माझ्या दोघी उपाशी हाय.”

“पाहुणा हाय न.”

“पाहुण्यानं घरच्यायले कोपऱ्यात बसवलं, त त्याले पाहुणा म्हणते का?”

संध्याकाळी धाकटी थोडी बाहेर आली. काळ्यानं अंग वळवलं, नुसतं वळवलं, आणि ती बाणासारखी मागं गेली. पूनमसिंगनं रुपीबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

सोमवारी सकाळी तो टाकीवर गेला. व्हॉल्व्हपाशी बाया जमल्या होत्या, कुणीतरी म्हणालं, काका, मांजरीची गोष्ट सांगा न. त्यानं आज घसा बसलाय म्हणून सांगितलं आणि पाणी आल्या आल्या घर गाठलं. रुपीबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पेटीत काळा मधोमध. स्पंजाच्या आड थोरली. पूनमसिंगनं पेटीला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, वाकून खालून पाहिलं. धाकटी कुठंच नव्हती.

तोंडात मावते ते जेवण.

काळा पुढं आला आणि काचेला तोंड लावून उभा राहिला.

 कौल संपला होता. आत्ता ती कूस बदलेल, डोळे उघडेल, आणि शुक्रवारचं ऑपरेशनही राहील. मग किती दिवस? डॉक्टर शीलाला बाजूला घेऊन बोलले होते, आणि शीलानं ते त्याला सांगताना वाक्य अर्ध्यात सोडलं होतं. त्यानं दोरीवरची जाड चादर ओढली आणि पेटीवर टाकली. मग स्टीलचा दुधाचा डबा घेतला, चादरीखाली हात घातला आणि काळ्याला डब्यात घेतला. मटणाची सवय लागलेला तो बिचारा स्वतःहूनच हाताशी आला.

“झाकलं काहून?” मागून आवाज आला.

“थंडी पडून राह्यली. मासे गारठते.” ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत साधी थाप असावी. “मी यवतमाळले जाऊन येतो. पंपाचं सामान आणा लागते.”

एरवी एका थापेला दहा प्रश्न विचारणारी बाई. पण ती त्या दिवशी एवढंच म्हणाली, “राहू द्या झाकलेलं. कौल रोज रोज उघडून पाहत नसते.”

विक्कीनं डब्यात डोकावून पाहिलं. “काय झालं? तुमच्या वाघ-माशायनं मारला का याले?”

“यानं मारलं. बाबू, माझ्या घरी हातभर मासे नाही. दोन गोल्डफिश हाय. होते. एवढाल्या.” त्यानं अंगठा दाखवला.

विक्की हसू लागला. “काका, आता हे नका सांगू. परवा मांजराची मिशी ओढून राह्यले होते.”

“ते खोटं होतं.”

“अन् हे?”

“हे खरं हाय.”

“काल एका गिऱ्हाइकाले मी तुमची मिशीची गोठ सांगतली. लोटपोट झाला तो. आता तुमी म्हणता अंगठ्याएवढे.”

पूनमसिंगनं मग सगळं सांगितलं. काळीज, झडप, जनावराचं कातडं, कौल, गुरुवारची गाडी. सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की खरी गोष्ट सांगताना हात कुठं ठेवायचे तेच आपल्याला ठाऊक नाही. थाप मारताना हात आपोआप चालत. आता ते डब्याची कडी नुसती धरून होते. विक्की ऐकत होता, पण चेहऱ्यावर तेच हसू, पुढचा विनोद कुठं येतो याची वाट पाहणारं. गोष्ट संपली. विनोद आला नाही. 

“शप्पथ?” विक्की हळूच म्हणाला.

“माझ्या शपथेले कोण विचारते, बाबू. तू मासा दे.”

विक्कीनं डबा घेतला, काळ्याला त्याच्या जुन्या पेटीत सोडलं आणि वरच्या फळीवरच्या पेटीपुढं उभा राहिला. “गोल्डफिशसंगं गोल्डफिशच राहते, काका. दुसरं कोणी नको. हा पाहा, काळा. डोळे बाहेर आलेले, पण हाय त्याच कुळातला. नीट दिसत नाही याले, कोणाच्या वाटेले जात नाही.”

बोटाएवढा मासा होता. मखमलीसारखा काळा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना बटणांसारखे डोळे, आणि चालण्यात म्हाताऱ्याची सावधगिरी.

“हा परका धरल्या जाईन का?”

विक्कीनं विचार केला. “दिसते त परकाच.”

आता धाकटी. मोठ्या पेटीत लाल गोल्डफिशांची झुंबड होती. पांढऱ्या टोकाच्या त्यात सात-आठ निघाल्या. विक्की जाळी धरून थांबला. “कोणती?”

पूनमसिंग बघत राहिला. पांढरं टोक शेपटीच्या वरच्या पात्याला होतं की खालच्या? पोटाखाली पिवळट झाक होती का? दिवाळीपासून ती पेटी त्याच्या घरात होती. मांजरीच्या मिशीपर्यंत तिच्याबद्दल तो बोलला होता, पण धाकटीला त्यानं एकदाही नीट पाहिलं नव्हतं. पाहायचं काम रुपीचं होतं.

“ती,” शेवटी तो म्हणाला. बोट कुठं रोखलं ते त्यालाही कळलं नाही.

मंगळवार गेला. रुपीबाईनं चादर उचलायला सांगितलं नाही. पूनमसिंग ती पाठ वळवून झोपली की चादरीचं टोक उचले आणि आत पाही. मटणाच्या तुकड्यांनी पाणी गढूळ झालं होतं, आणि बुटका काळा तळाशी एका कुशीवर टेकून बसला होता. पाणी बदलायला हवं. पण नळाच्या पाण्यात ब्लिचिंग, ते त्यानं स्वतःच्या हातानं कालवलेलं. त्यानं हातपंपावरून बादल्या आणल्या, थोडं काढ, थोडं घाल, असं चादरीखाली चाचपडत केलं. आवाज होऊ नये म्हणून पाणी पेटीच्या काचेवरून ओघळत सोडलं. मागून छातीतली शिट्टी ऐकू येत होती. शिट्टी थांबली की त्याचा हात थांबे. शिट्टी सुरू झाली की हात सुरू.

बुधवारी रुपीबाईला एक वाक्य एका श्वासात पुरं करता येईना. तिनं चहा मागितला तो तीन तुकड्यांत. बबलूचा फोन आला, तो परस्पर नागपूरला पोहोचणार होता. “बापू, कौल टिकला का?” त्यानं विचारलं. पूनमसिंगनं आवाज चढवून, रुपीला ऐकू जाईल असं म्हटलं, “टिकला म्हणजे? तिघं एका ताटात जेवून राह्यले.” आणि खाटेकडं पाहिलं. ती डोळे मिटून होती. पापण्या मात्र हलत होत्या.

एवढं खरं, की तळाशी टेकलेला काळा बुधवारी संध्याकाळी उठला. थोरलीच्या मागं मागं, आंधळा हात धरून चालतो तसा, पेटीभर हिंडला. पूनमसिंग चादरीखाली डोकं घालून बराच वेळ तसाच उभा राहिला.

गुरुवारी सकाळी शीला आली, आणि तिच्या मागोमाग राजकुमारची गाडी. राजकुमार हा नेरचा, भाड्यानं गाडी चालवणारा, पूनमसिंगला मामा म्हणणारा. शीलानं पिशव्या भरल्या. रुपीबाई खाटेवर बसलेली होती. धुतलेला घागरा, डोईवरून ओढणी, आणि ती दोन्ही खांद्यांवरून पुढं ओढून अंगाभोवती घट्ट धरलेली.

“काढा चादर,” ती म्हणाली. “कौल पाहू.”

पूनमसिंगनं चादर काढली. काचेवरचं हळदीकुंकू सुकून पापुद्रा झालं होतं. आत स्वच्छ पाणी, दोन लाल आणि एक काळा. तिघंही हलत होते, जिवंत होते.

शीला पुढं वाकली. “बापू, याडीनं व्हिडिओ कॉलवर दाखवला तवा त हा मासा तळहाताएवढा होता न? अन् याचे डोळे हे असे काहून?”

आता माघार नव्हती.  जन्मभर व्हॉल्व्हपाशी उभं राहून जे केलं, ते या एका सकाळसाठीच करत आलो होतो की काय, असं त्याला वाटून गेलं.

“त्याची गोठ मोठी हाय,” तो म्हणाला. “आला तवा होताच तळहाताएवढा. रविवारी मले दिसलं, हा धाकटीच्या अंगावर गेला. गेला, त धाकटी पळाली नाही. उलटी फिरली. याच्या तोंडापुढं उभी राहून अशी पाहत राह्यली, अशी पाहत राह्यली, जशी तुझी याडी मह्याकडे पाहते. तिथंच याचं पाणी झालं. भेवानं डोळे बाहेर आले ते आलेच. अन् मंग लागला आटाले. सोमवारी चार बोटं, मंगळवारी तीन, काल पाहतो त एवढा. म्हनून त मी चादर टाकलती. आटणाऱ्या जिवाले नजर लागते.”

“असं आटते का मासा, मामा?” राजकुमार म्हणाला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“आटते न. परका हाय तोपर्यंत मोठा. घरचा झाला की बेतात येते.” पूनमसिंगचे हात आता मोकळे सुटले होते. कधी मासा होत होते, कधी पाणी. “पहिल्यांदा भांडन झालं, मी नाही म्हणत नाही. परकं आत आलं की आतलं बिथरतेच. पण हळूहळू तिघायचं असं पटलं, की काल संध्याकाळी हा काळा थोरलीच्या मागं मागं हिंडून राह्यला होता. हे मी मह्या डोळ्यानं पाह्यलं. देवाशपथ पाह्यलं. कौल लागला, रुपी. साफ लागला.”

तो थांबला. एवढी लांब, एवढी गुंतागुंतीची थाप त्यानं कधी मारली नव्हती, आणि तिच्यातलं एक वाक्य खरं होतं. त्यानं रुपीबाईकडं पाहिलं. ‘झालं?’ असं ती आता विचारेल, म्हणून वाट पाहिली.

रुपीबाईनं विचारलं नाही. तिनं ओढणीखालून हात काढला आणि एक लहानसं गाठोडं त्याच्यापुढं धरलं. ओढणी खांद्यावरून घसरली.

शीलानं हातातली पिशवी खाली ठेवली. तांड्यातल्या बाईच्या दंडावर लग्नात पांढरा चुडा चढतो, कोपरापासून वर खांद्यापर्यंत, आणि तो उतरतो ते नवऱ्यामागंच. तसा चुडा घालणाऱ्या बुढ्या आता चार-दोनच उरल्यात, त्यातली एक रुपीबाई. दवाखान्यात अंगावर काही चालणार नाही, असं नर्सनं सांगितलं होतं. त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता, काढायची छातीच नव्हती. चुडा उतरवण्याचं ते काम तिनं पहाटे, सगळे झोपेत असताना, साबणाचं पाणी लावून एकटीनं केलं होतं. उघड्या दंडावर चुड्याच्या जागेची कातडी होती. कधी ऊन न लागलेली, लहान मुलीच्या अंगासारखी गोरी. एके ठिकाणी खरचटून रक्त आलं होतं.

पूनमसिंगनं दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं. ते त्याला वाटलं त्यापेक्षा हलकं होतं.

“सारं खोटं हाय,” रुपीबाई म्हणाली. तिनं श्वास घेतला, तो पुरेपर्यंत बोलली, आणि पुन्हा घेतला. “धाकटी सोमवारीच मेली. शेपटी फाटलती तिची. तुमी टाकीवर गेलते, तवा मीच तिले काढलं... अन् बसत-उठत निंबाखाली पुरलं. चला आता, उशीर होते. तुमी समोर बसा, राजकुमारपाशी. मले मागं पाय लंबे करू द्या.”